एकाच नाकपुडीत पॉलिप? आधी इन्व्हर्टेड पॅपिलोमा नाही ना, ते बघा

नेहमीचा पॉलिप सगळ्यांच्या ओळखीचा. सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, ओला गोळा. बहुधा दोन्ही नाकपुड्यांत. वास येत नाही, कित्येकांना सोबत दमा. स्टेरॉइडच्या स्प्रेने बऱ्याचदा आक्रसतो. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

घोळ होतो तो गोळा एकाच बाजूला असला की. ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणायचं, स्प्रे लिहून द्यायचा आणि महिनोन्‌महिने तोच चालू ठेवायचा, हे बघून वैताग येतो. पन्नाशी-साठीच्या माणसाची एकच नाकपुडी चोंदलेली असेल, मधूनच रक्त येत असेल, तर दुर्बीण घालून बघायलाच हवं. इन्व्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजे नाकाच्या अस्तरातून आत वळून वाढणारी गाठ, जरा गुलाबी, खडबडीत दिसतो म्हणतात. रंगावर मी तरी विसंबत नाही.

निकाल लागतो तो गोळ्याचा तुकडा काढून तपासल्यावर (बायोप्सी). पॅपिलोमात वरचं अस्तर बाहेर वाढण्याऐवजी खालच्या थरात आत वळून घुसतं. अस्तराखालचा पातळ तळपडदा शाबूत असतो, म्हणून तो कॅन्सर नव्हे. पण साधारण शंभरात पाच ते दहा जणांत त्याच्यासोबत किंवा पुढे कॅन्सर सापडतो. आणि इथेच फसगत होते: पॅपिलोमाच्या पुढ्यात साधे पॉलिप लोंबत असू शकतात. पुढचाच तुकडा गेला की रिपोर्ट येतो ‘इन्फ्लमेटरी पॉलिप’, म्हणजे सुजेचा साधा पॉलिप, आणि सगळे निवांत. म्हणून तुकडा खोलवरून घ्या आणि ऑपरेशनमध्ये निघालेलं सगळं पॅथॉलॉजीला पाठवा, डावं-उजवं वेगळ्या बाटलीत. उजवं-डावं एकाच बाटलीत कोंबणाऱ्यांना काय म्हणावं!

तुकड्याआधी स्कॅन मात्र हवाच. वयात येणाऱ्या मुलाच्या नाकातला गोळा रक्तवाहिन्यांचा अँजिओफायब्रोमा असू शकतो; लहान बाळात नाकातला गोळा थेट मेंदूशी जोडलेला असू शकतो. तिथे चिमटा लावणं जिवावर बेतेल.

सीटीत एखाद्या ठिकाणी हाड जाड झालेलं दिसलं, तर पॅपिलोमाचं मूळ बहुतेक तिथेच. एमआरआयमध्ये वळणदार पट्टे दिसतात. मूळ शोधायचं कारण सरळ आहे: पॉलिपसारखा नुसता गोळा ओढून काढला, तर हा परत येतो. मुळाचं अस्तर सोलून खालचं हाड ड्रिलने घासावं लागतं. तरीही काही जणांत तो वर्षांनी उगवतो, म्हणून बरं वाटत असलं तरी दुर्बिणीची तपासणी बरीच वर्षं सुरू ठेवावी लागते.

तरुणांत एकाच बाजूचा साधा पॉलिपही असतो, गालाच्या सायनसमधून निघून घशाकडे लोंबणारा. तोही मुळासकटच काढतात.