गतिसंवेदन व मेंदूतील विद्युत्-प्रतिसाद

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, कोपर किती वाकले आहे, पाऊल कोणत्या दिशेने सरकते आहे हे माणसाला कळते. या जाणिवेला गतिसंवेदन म्हणतात. ती मेंदूपर्यंत पोचली की तेथील विद्युत्-लहरींमध्ये मोजता येण्याजोगे बदल होतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या बदलांविषयी आहे. पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत ही जाणीव नाही. बोलण्यात मात्र ती रोज येते. मालवणीत ‘हाताक कळता’ म्हणतात ते हेच.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ओढताना हे नीट बघायला मिळते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून माणसे वाळूत टाचा रोवून मागे मागे सरतात. नजर समोरच्या पाण्यावर असते. दोर किती ताणला, कोपर किती मागे आले, टाच किती रुतली हे कोणी बघत नाही. जाळे कशात अडकले तर ते आधी हाताला समजते आणि मग डोळे तिकडे वळतात.

हे कळते कशाने? स्नायूंच्या धाग्यांमध्ये चातीच्या आकाराची सूक्ष्म इंद्रिये असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, याची वर्दी ती देतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेतील इंद्रिये ओढीचा जोर मोजतात. सांध्यावरची ताणली जाणारी त्वचाही भर घालते. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या संवेदनेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे शास्त्रीय नाव दिले. ताणाचे रूपांतर विद्युत्-संदेशात करणारे पिएझो-२ हे प्रथिन सापडायला मात्र पुढे शंभरावर वर्षे लागली. त्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. संदेश मज्जारज्जूतून वर जातो, मेंदूच्या तळाशी बाजू बदलतो आणि मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्रामार्गे बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, पोचतो. म्हणून उजव्या हाताची हालचाल डाव्या अर्धगोलात नोंदली जाते. एक फाटा लहान मेंदूकडेही जातो.

मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या त्या जर्मनीतील येना येथे, हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये. निबंध १९२९ मध्ये आला. डोक्याच्या त्वचेवरून मिळणारा हा संदेश साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दशलक्षांश), म्हणजे अगदी क्षीण असतो. एका हालचालीचा प्रतिसाद इतर लहरींच्या गलबल्यात बुडून जातो. तीच उत्तेजना शेकडो वेळा देऊन नोंदींची सरासरी काढली की तो वर येतो. ब्रिटनमधील जॉर्ज डॉसन यांनी ही वाट पाडली. मनगटाजवळच्या चेतेला (संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला) हलका विद्युत्-झटका दिला तर सुमारे २० मिलिसेकंदांत बाह्यकात लहर उमटते. घोट्याजवळ दिला तर सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, कारण अंतरच तेवढे.

झटका म्हणजे हालचाल नव्हे. त्यामुळे यंत्राने बोट हळूच हलवून, माणसाने स्वतः काहीही न करता, मेंदूचा आलेख घेतात. त्यात जे दिसते ते या विषयातले सर्वांत मोलाचे आहे असे मला वाटते. हात स्वस्थ असताना डोक्याच्या मध्यभागाच्या दोन्ही अंगांना सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची ‘म्यू’ लय आणि १५ ते ३० आवर्तनांची ‘बीटा’ लय चालू असते. बोट हलले की या लयी चढत नाहीत, उतरतात. एका ठेक्यात चाललेले पेशींचे समूह आपापल्या कामाला लागतात आणि सामायिक ठेका मोडतो. हालचाल थांबली की बीटा लय परत येते, तीही थोडा वेळ पूर्वीपेक्षा जोरात. फ्रेंच संशोधक आंरी गास्तो यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवले होते की ही कमानीच्या आकाराची म्यू लय डोळे उघडल्याने जात नाही, मूठ वळल्याने जाते.

स्वतः केलेली हालचाल आणि दुसऱ्याने करवलेली हालचाल यांत फरक आहे. स्वेच्छेने बोट हलवण्याआधी साधारण सेकंदभर मेंदूत एक संथ ऋण (उणे विद्युत्-दाबाची) लहर चढू लागते. जर्मनीतील संशोधक कोर्नहुबर आणि डेके यांनी १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. दुसऱ्याने हात हलवला तर ही पूर्वतयारी नसते, पण लयींचा उतार आणि नंतरचा चढ असतोच. त्यावरून हा बदल बराचसा जाणिवेचा आहे, नुसता हुकमाचा नाही, हे कळते.

तोल जाण्याचा प्रतिसाद वेगळा. पावसाळ्यात वहाळावरचा साकव ओलांडताना पोफळीच्या शेवाळलेल्या खोडावर पाऊल निसटते. काय झाले हे उमगण्याआधीच घोटा आवळलेला असतो, हात बांबूच्या कठड्याकडे गेलेला असतो. ही पहिली सावरासावर मज्जारज्जू आणि मेंदूचा तळभाग करतात. प्रयोगशाळेत पायाखालची फळी अचानक सरकवली, तर १०० ते २०० मिलिसेकंदांत डोक्याच्या माथ्याच्या भागी एक मोठी ऋण लहर उमटते. धक्का अनपेक्षित असेल तर ती मोठी, तोच धक्का पुनःपुन्हा बसू लागला की लहान.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूला इजा होत नाही ना, हे पाहायला अशा उत्तेजित लहरी सतत तपासतात. अंगावरून वारे गेलेल्या रुग्णाचा हात घरचे माणूस धरून हलवते तेव्हा, वाट शाबूत असेल तर, त्या हालचालीची वर्दी बाह्यकापर्यंत जाते. ती कितपत पोचते हे आलेखातून अजमावता येते. साधी तपासणी मात्र यंत्राविना होते. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली करतात आणि दिशा विचारतात. दीर्घकाळच्या मधुमेहात ही जाणीव पायांकडून मंदावू शकते. असा माणूस दिवसा, पावलांकडे बघत, पाणंदीतून नीट चालतो. तोल जातो तो पहाटे न्हाणीपाशी उभे राहून तोंडावर पाणी मारताना, डोळे मिटल्यावर.