दात का किडतात: ओकच्या बियांपासून टॉफीपर्यंत

दात किडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नीट घासत नाहीस का? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्याचा दात दुखतो, दोषही त्याच्याच पदरात टाकून हा प्रश्न मोकळा होतो. दंतकिडीचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. ब्रश नव्हता, पेस्ट नव्हती, त्या काळातल्या शिकारी माणसांच्या सांगाड्यांत झिजलेले दात भरपूर सापडतात, किडलेले त्या मानाने फार थोडे. कीड फोफावली ती खाणं बदललं तेव्हा.

याचा एक फार जुना पुरावा मोरोक्कोतल्या ताफोराल्त इथल्या गुहेत मिळाला. सुमारे 15,000 ते 13,700 वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या माणसांचे दात संशोधकांनी तपासले. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं, की त्यातले निम्म्याहून अधिक दात किडलेले होते. ही माणसं शेती करत नव्हती. पण ओकच्या आणि पाइनच्या बिया गोळा करून, साठवून खात होती, आणि हे पिठूळ, गोडसर अन्न दातांना चिकटून बसायचं. ‘शेती आली आणि कीड आली’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मला या गुहेमुळे अर्धवट वाटतं. पिष्टमय अन्न रोजचं झालं, की शेतीच्या आधीही दात किडत होते. शेतीने ते रोजचं खाणं जगभर नेलं एवढंच. प्राचीन दातांवरच्या कीटणातून जंतूंचा डीएनए वेगळा काढून केलेला एक अभ्यास 2013 मध्ये आला. तोंडातल्या जंतूंची वस्ती दोन टप्प्यांवर ठळकपणे बदलल्याचं त्यात दिसलं: शेतीच्या सुरुवातीला आणि पुढे औद्योगिक क्रांतीच्या सुमारास.

लोकांना खाण्याचा संशय नव्हता असं नाही. अंजीर मऊ आणि गोड असूनही दात का बिघडवतं, असा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात विचारलेला आहे. पण दात अळी पोखरते ही समजूत बॅबिलोनच्या काळापासून इतकी घट्ट होती, की ती मोडायला अठरावं शतक उजाडलं. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 मध्ये दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अळीची कल्पना त्यांनी बाजूला सारली आणि साखरेकडे बोट दाखवलं.

तोवर युरोपात साखरेने आपलं काम सुरू केलंच होतं. पाउल हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने 1598 मध्ये राणी एलिझाबेथला पाहिलं आणि तिचे दात काळे असल्याचं लिहून ठेवलं. इंग्रज साखर फार खातात म्हणून हा दोष त्यांच्यात दिसतो, अशी पुस्तीही त्याने जोडली. तेव्हा साखर श्रीमंतांचा पदार्थ होता, म्हणून काळे दातही श्रीमंतांचेच. पुढे कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या रक्ताघामावर उसाचे मळे उभे राहिले, साखर स्वस्त होत गेली. 1874 मध्ये ब्रिटनने साखरेवरचा कर काढून टाकला आणि ती गिरणी कामगाराच्या चहात, जॅममध्ये, पावात जाऊन बसली. वेगवेगळ्या शतकांतल्या इंग्लंडमधल्या कवट्यांची तुलना केली, तर एकोणिसाव्या शतकात कीड झपाट्याने वाढलेली दिसते. त्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत झालेल्या बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटिश सैन्यात भरती व्हायला आलेल्या कित्येक तरुणांना निव्वळ दात खराब म्हणून परत पाठवावं लागलं.

साखर नेमकं करते काय, याचं उत्तर विलोबी मिलर यांनी दिलं. हे अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकले होते. 1890 मधल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळवतं. हा विचार आजही मूळ धरून आहे. 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी दातावर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, बारीक इलेक्ट्रोड ठेवून हे घडताना मोजलं. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली, की काही मिनिटांतच तिथला पीएच (आम्लतेचं माप; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) घसरतो. तो साधारण 5.5 च्या खाली गेला, की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ आम्ल निवळते, पीएच हळूहळू वर येतो, आणि गेलेल्या खनिजांपैकी काही पुन्हा दातात बसतात. या सगळ्याला अर्धा ते एक तास लागतो. मधल्या वेळात पुन्हा काही गोड तोंडात गेलं, तर घसरण नव्याने सुरू होते आणि लाळेला आपलं काम पुरं करायला सवडच मिळत नाही. आहाराचा दातांशी असलेला संबंध मला पीएचच्या या चढउताराच्या आलेखात सगळ्यात स्पष्ट दिसतो.

तरी त्या काळात वारं दुसऱ्या दिशेने वाहत होतं. जीवनसत्त्वांचा शोध नवा होता. क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात हे दर्यावर्दी लोकांना शतकानुशतकं ठाऊक होतं. ड जीवनसत्त्व कमी पडलं, तर वाढत्या दातांचं इनॅमल नीट घडत नाही, हे ब्रिटनच्या मे मेलनबी यांनी दाखवलं होतं. त्यामुळे कीड हाही पोषणाच्या कमतरतेचाच आजार असावा, असं अनेकांना वाटत होतं. पोषण दात आणि हिरड्या घडवतं, यात शंका नाही. पण घडलेला दात किडतो कशाने, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

तो सोडवण्यासाठी स्वीडनमध्ये जे झालं, ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं राहत. 1945 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून तिथे अभ्यास सुरू झाला, तो आधी जीवनसत्त्वांचा. मग रोख साखरेकडे वळला. एका गटाला जेवणासोबत गोड पेय, दुसऱ्याला गोड पाव, आणखी काहींना जेवणांच्या मधल्या वेळात चॉकलेट किंवा टॉफी. टॉफ्या मुद्दाम दाताला चिकटतील अशा बनवून घेतल्या होत्या आणि एका गटाला त्या दिवसाला 24 पर्यंत दिल्या गेल्या. खर्चाचा काही भाग मिठाई उद्योगाने उचलला होता. त्या माणसांची संमती घेतली नव्हती, आणि बहुतेकांना ती देता येण्यासारखीही नव्हती.

1954 मध्ये निष्कर्ष छापून आले. जेवणासोबत बरीच साखर घेतलेल्यांची कीड जेमतेम वाढली होती. मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले, आणि टॉफी बंद केल्यावर नव्या किडीचा वेग पुन्हा उतरला. किती खाल्लं यासोबत कितीदा खाल्लं आणि ते दातावर किती वेळ राहिलं हे महत्त्वाचं, हा आज प्रत्येक दवाखान्यात मिळणारा सल्ला या प्रयोगातून आला आहे. फक्त शनिवारी गोड खाण्याची स्वीडिश कुटुंबांमधली प्रथाही त्यातूनच रुजली. तो सल्ला देताना ज्यांचे दात त्यासाठी खर्ची पडले, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

कुणालाही मुद्दाम इजा न करता मिळालेले पुरावेही आहेत. ऑस्ट्रेलियात बाउरल इथल्या होपवूड हाउस या बालगृहात 1940 च्या दशकापासून मुलांना बहुतांशी शाकाहारी आणि जवळपास बिनसाखरेचं जेवण मिळे. तिथल्या पाण्यात फ्लोराइड, म्हणजे दातांना किडीपासून वाचवणारं द्रव्य, अगदी नगण्य होतं. मुलांची तोंडाची स्वच्छताही चांगली नव्हती, बहुतेकांच्या हिरड्या सुजलेल्या असत. तरी तेराव्या वर्षी निम्म्याच्या आसपास मुलांना एकही कीड नव्हती. बाहेरच्या शाळांत अशी मुलं शोधून सापडत नव्हती. मोठी होऊन ही मुलं बाहेर पडली, इतरांसारखं खाऊ लागली आणि त्यांचेही दात इतरांसारखेच किडू लागले. आहाराचा वाटा किती मोठा आहे, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

मग फ्लोराइड आलं. 25 जानेवारी 1945 रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते पहिल्यांदा मिसळलं गेलं. पुढे फ्लोराइडयुक्त पेस्ट घरोघरी पोहोचली आणि अनेक देशांत कीड खरोखर कमी झाली. हा मोठा विजय होता. त्याच्या सावलीत साखरेचा प्रश्न मागे पडला, आणि काही ठिकाणी तो मागे ठेवला गेला. अमेरिकेतल्या साखर उद्योगाची 1959 ते 1971 या काळातली अंतर्गत कागदपत्रं अभ्यासून 2015 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. साखर कमी खा असं सांगावं लागू नये, म्हणून प्लाक विरघळवणारी द्रव्यं आणि किडीवरची लस यांच्या संशोधनाला उद्योगाने जोर दिला होता. सरकारच्या राष्ट्रीय दंतकीड कार्यक्रमाने 1971 मध्ये संशोधन प्रस्ताव मागवणारं पहिलं आवाहन काढलं, तेव्हा उद्योगाने दिलेल्या अहवालाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग त्यात जसाच्या तसा उतरला होता.

त्याच 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घालून दिली. वरून घातलेली साखर, शिवाय मध, सरबत आणि फळांचा रस यांतली साखर मिळून रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, आणि जमल्यास 5 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण सहा चमचे. पहिल्या मर्यादेमागचा पुरावा भक्कम आहे. दुसरीचा आधार मात्र जपानमधले तीन जुने अभ्यास आहेत. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे दरडोई वर्षाला सुमारे 15 किलो साखर खाल्ली जात होती. 1946 मध्ये ती 0.2 किलोवर आली आणि मुलांची दंतकीड तिच्यामागोमाग घटली. युद्ध संपलं, साखर पुन्हा मिळू लागली, तशी कीडही परतली.