खलीफाची निवड व बैअत

सुन्नी शास्त्रकारांच्या मते खलीफापद, म्हणजे पैगंबरांनंतर मुस्लिम समाजाचे नेतृत्व, हा करार आहे. जाणत्या प्रमुखांनी पात्र व्यक्ती निवडावी, तिने पद स्वीकारावे आणि मग हातात हात देऊन निष्ठेची शपथ, म्हणजे बैअत व्हावी, असा क्रम असतो. आधी मोजक्यांची खास बैअत, नंतर मशिदीत सर्वसामान्यांची आम बैअत. कुराणात सल्लामसलतीचा (शूरा) आदेश आहे (३:१५९, ४२:३८), पण निवडीची पद्धत नाही. म्हणून सारी भिस्त पहिल्या खलीफांच्या उदाहरणांवर राहिली.

निवडणारे किती हवेत, यावर मोठा वाद आहे. शास्त्रकार अल्-मावर्दीने (मृ. १०५८) सर्व प्रदेशांतील प्रमुख, पाच, तीन आणि अगदी एकच, अशी मते नोंदवली आहेत. पाचांचा पक्ष ६३२ मधील पहिले खलीफा अबू बक्र यांच्या निवडीवर आणि दुसरे खलीफा उमर यांनी उत्तराधिकारी निवडण्यासाठी नेमलेल्या समितीवर बेतलेला. तीनांचा, निकाहातील वली (वधूचा पालक) व दोन साक्षीदारांवर. पहिले मत मावर्दीने अमान्य केले, कारण अबू बक्र यांच्या वेळी गैरहजरांची वाट कोणी पाहिली नव्हती. मात्र ती निवड घाईत झाली, तिचा कित्ता गिरवू नये, असे स्वतः उमर यांनी बजावल्याची परंपरा आहे. त्यामुळे तिच्यावर आकडा बसवणे ओढूनताणून वाटते.

कार्यपद्धती म्हणून ६४४ मधील समिती अधिक बोलकी आहे. सदस्य सहा, मुदत तीन दिवस; उमर यांचा मुलगा अब्दुल्ला सल्ल्यापुरता, उमेदवारीस अपात्र. सदस्यांपैकी अब्दुर्रहमान बिन औफ यांनी स्वतःची उमेदवारी सोडून निर्णयाचा अधिकार मिळवला. आधीच्या दोन खलीफांचा शिरस्ता पाळाल का, या त्यांच्या प्रश्नावर सदस्य अली यांनी यथाशक्ती म्हटले, दुसरे सदस्य उस्मान यांनी बिनशर्त होकार दिला, असे बहुतेक वृत्तान्त सांगतात. उस्मान खलीफा झाले.

हयात खलीफाने वारस नेमणेही वैध ठरले (अबू बक्र यांनी उमर यांना नेमले, ६३४). उमय्या घराण्यातील खलीफा मुआवियाने मुलगा यझीदसाठी बैअत घेतल्यावर ते वंशपरंपरेचे साधन बनले. एकामागून एक असे दोन वारस नेमणे घातक ठरे. अब्बासी खलीफा हारून अल्-रशीदने ८०२ मध्ये मक्केत आपले मुलगे अमीन व मामून यांच्याकडून लेखी करार करवून घेतला. पण मामूनकडे खुरासान हा पूर्वेकडील प्रांत होता आणि अमीनने स्वतःच्या मुलाला वारस केले. युद्ध पेटले, ८१३ मध्ये अमीन मारला गेला.

शिया पंथात इमाम निवडला जात नाही. तो नियुक्त असतो; आधार गदीर खुम्म येथे पैगंबरांनी अली यांच्याविषयी केलेल्या घोषणेचा. मात्र शियांतील झैदी शाखा पैगंबरकन्या फातिमा यांच्या वंशजाने उघड दावा मांडणे आवश्यक मानते.

सुन्नी शास्त्रकार इब्न जमाआने (मृ. १३३३) बळाने मिळवलेली सत्ताही मान्य केली, अराजक टाळण्यासाठी. अधर्माचरण वा शारीरिक असमर्थता यांनी पद जाते, असे मावर्दी सांगतो. पण दोष ठरवून खलीफाला हटवणारी संस्था त्याने सांगितलेली नाही.