मेलेल्या भुंगेऱ्याची चाल

युरोपातल्या ओकच्या जंगलांत उन्हाळ्याच्या तोंडावर, दिवेलागणीच्या सुमारास एक दांडगा तपकिरी-काळा भुंगेरा घरघरत उडताना दिसतो. त्याचं शास्त्रीय नाव लुकानस सर्व्हस, म्हणजे स्टॅग बीटल. नराचे जबडे हरणाच्या शिंगांसारखे वाढलेले असतात. त्यांनी खाणं होत नाही, कुस्ती होते. मादीच्या आसपास दुसरा नर दिसला की त्याला जबड्यांत पकडायचं, उचलायचं आणि फांदीवरून खाली टाकायचं. अळीची बरीच वर्षं कुजक्या लाकडात जातात, पण पंख फुटलेल्या नराला जेमतेम एक उन्हाळा मिळतो. ही कुस्ती टिपायची तर मुदत तेवढीच.

1910 साली व्लादिस्लाव स्तारेविच नेमकं हेच टिपायला बसला होता. जन्म 1882 चा, मॉस्कोतला. आईवडील पोलिश. आई लहानपणीच गेल्यामुळे तो आजोळी, कोव्हनोला वाढला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते लिथुआनियातलं काउनास आहे. तिथल्या संग्रहालयासाठी तो निसर्गावर छोटे माहितीपट बनवत होता. कीटक गोळा करण्याचा नाद जुनाच.

अडचण प्रकाशाची होती. भुंगेरे अंधार पडता पडता भांडायचे आणि दिवे लावले की थिजायचे. आज आपण इन्फ्रारेड दिवा लावून मोकळे होतो. बहुतेक कीटकांना तांबडा रंग दिसत नाही, म्हणून साधा लाल दिवासुद्धा चालून जातो. पण 1910 च्या फिल्मलाही तांबडं दिसत नव्हतं! तिच्यावरचं रसायन निळ्या-जांभळ्या आणि फार तर हिरव्या प्रकाशाला दाद द्यायचं. म्हणजे फिल्मला जो प्रकाश लागायचा, तोच भुंगेऱ्याला दिसायचा. त्यातून फिल्म इतकी मंद की प्रकाश भरपूर हवा. कॅमेऱ्याला दिसेल पण भुंगेऱ्याला दिसणार नाही, असा दिवा त्या काळात नव्हताच.

मग स्तारेविचने मेलेले भुंगेरे घेतले. फ्रान्सच्या एमिल कोलने आगकाड्या जराशा हलवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायच्या, असं करून केलेला चित्रपट त्याच्या पाहण्यात आला होता. (पुढे आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती याच जातीची. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कोंब फुटून रोप वाढताना दाखवलं, तिथेही एकेक चित्र घेण्याचीच युक्ती होती.) आगकाडीला जे जमतं ते भुंगेऱ्याला का जमू नये, हा प्रश्न सोपा वाटतो. प्रत्यक्षात आगकाडीला सांधे नसतात आणि भुंगेऱ्याला ते नको तितके असतात.

कीटकाचा सांगाडा बाहेरून असतो, टणक कायटिनचा. आतलं मांस सुकलं तरी आकार बदलत नाही, रंगही फारसा उतरत नाही. बेडूक किंवा उंदीर सुकून सुरकुततो, भुंगेरा मात्र तसाच्या तसा राहतो. बाहुली म्हणून तो आयता घडवलेला आहे. घोटाळा सांध्यांत होतो. दोन टणक नळ्यांच्या मध्ये पातळ पडदा असतो. तो मेल्यानंतर काही तास लवचीक राहतो आणि मग काचेसारखा ठिसूळ होतो. सुकलेला पाय वाकवायला गेलं की कट्‌कन तुटतो. संग्राहक अशा वेळी नमुना ओलसर वाळूच्या किंवा टिपकागदाच्या बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवतात. बुरशी धरू नये म्हणून कार्बोलिक ॲसिडचे थेंब टाकतात. सांधे पुन्हा सैल होतात, पण ते टाचणीवर नीट मांडण्यापुरते. शेकडो वेळा हलवायचं म्हटलं तर हा उपाय पुरा पडत नाही, कारण दिव्यांच्या उष्णतेने पाय पुन्हा कडक होतात.

स्तारेविचने पायांच्या जागी तार घातली आणि ती लाखेने छातीला चिकटवली. छातीलाच, पोटाला नाही. कीटकाचे सहाही पाय छातीतून निघतात. कीटकशास्त्र न शिकलेला माणूस तिथेच चुकला असता आणि पडद्यावर काहीतरी खटकत राहिलं असतं.

तारेच्याही तऱ्हा असतात. जाड घेतली तर वाकवताना सगळा भुंगेरा जागचा सरकतो, बारीक घेतली तर त्याचं वजन पेलत नाही. धातू एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवला की तिथे कडक होत जातो आणि शेवटी तुटतो. तोही नेमका गुडघ्यात, दृश्य अर्ध्यावर असताना. लाख दिव्याच्या उष्णतेने मऊ पडली की भुंगेरा हळूहळू खाली बसतो. डोळ्यांना ते कळत नाही. फिल्म धुऊन पडद्यावर लावली की पैलवान श्वास सोडत खचतोय असं दिसतं.

कॅमेराही हाताने फिरवायचा. नेहमीच्या दांड्यावर एका फेऱ्यात 8 चित्रं जायची. असल्या कामाला एका फेऱ्याला एकच चित्र देणारा दांडा लागतो. फेरा एकदा भरभर आणि एकदा सावकाश फिरला तर प्रकाश कमीजास्त पडतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं. खिडकीतल्या उन्हावर भरवसा ठेवावा तर सूर्य थांबत नाही. पडद्यावरच्या पाच सेकंदांत सावल्या खोली ओलांडून जातात.

आणि चाल? कीटक चालतो तेव्हा एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय व दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय जमिनीवर असतात, उरलेले तीन हवेत. मग अदलाबदल. तिपाई जशी डुगडुगत नाही, तसा तो कुठल्याही क्षणी थांबला तरी पडत नाही. हलवणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं, कारण तीन पाय टेकवून ठेवले की बाकीचे तीन निवांत सरकवता येतात. सेकंदाला 16 चित्रं धरली तर मिनिटाला 960 आणि 12 मिनिटांच्या चित्रपटाला 11,520. दर चित्राला सहा पाय, दोन मिशा आणि जबडे. शिवाय मघाशी कोणता पाय हवेत होता हे लक्षात ठेवायचं. एकदा विसरलं की भुंगेरा लंगडतो, आणि तेवढंच पुसून पुन्हा काढायची सोय नाही.

1911 मध्ये स्तारेविच मॉस्कोला, निर्माता अलेक्सांद्र खानझोन्कोव्हकडे गेला. पुढच्याच वर्षी ‘सुंदर लुकानिदा’ आला. त्यात लांब मिशांचे भुंगेरे आणि शिंगाडे भुंगेरे एका राणीपायी लढाई करतात. लंडनच्या वर्तमानपत्रांनी हे जिवंत, शिकवून तयार केलेले कीटक आहेत असं छापलं. त्याच वर्षीच्या ‘कॅमेरामनचा सूड’मध्ये भुंगेरा एका नर्तकीच्या, म्हणजे चतुर या कीटकाच्या नादी लागतो आणि चिडलेला नाकतोडा हे सगळं चोरून कॅमेऱ्यात टिपतो. लग्नाबाहेरच्या भानगडींची ही गोष्ट शंभर वर्षांनंतरही हसवते. आमच्या मते त्याचं सर्वांत चलाख काम हेच, कारण कीटक इथे माणसासारखे वागतात पण हलतात कीटकांसारखेच.

बाहुल्या अशा हलवून चित्रपट करणारा रशियातला पहिला, असं स्तारेविचला म्हणायची पद्धत आहे. पण पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहातला बॅले नर्तक अलेक्सांद्र शिर्यायेव्ह 1906 पासूनच तारेच्या सांगाड्यावरच्या बाहुल्यांना नाचवत होता. ते चित्रपट लोकांपुढे आलेच नाहीत आणि कित्येक दशकांनी उजेडात आले. तेव्हा पडद्यावर पोचलेला पहिला स्तारेविच, एवढं म्हणणं योग्य.

1917 च्या क्रांतीनंतर तो क्रिमियातल्या याल्टाला आणि तिथून इटलीमार्गे फ्रान्सला गेला. पॅरिसजवळच्या फोन्तने-सू-ब्वा इथे घरातच स्टुडिओ थाटला. पत्नी आना बाहुल्यांचे कपडे शिवायची, थोरली मुलगी इरेन प्रत्येक कामात बरोबरीने असायची, धाकटी पडद्यावर दिसायची. इथे बाहुल्या लाकडाच्या, तारेच्या आणि चेहरे मऊ कातड्याचे झाले. भुंगेऱ्याच्या चेहऱ्यावर भाव आणता येत नाहीत, ओठ दुमडत नाहीत. कातडं दुमडतं. कोल्ह्याच्या कथेवरचा ‘ल रोमां द रनार’ हा त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट 1929-30 मध्ये सुमारे दीड वर्ष खपून चित्रित झाला. पण ध्वनीच्या अडचणीत रखडला आणि एप्रिल 1937 मध्ये बर्लिनला जर्मन भाषेत प्रदर्शित झाला. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या आठ महिने आधी. फ्रेंच आवृत्तीला 1941 उजाडलं.

1965 च्या फेब्रुवारीत तो वारला तेव्हा कुत्र्या-मांजरावरचा एक चित्रपट अर्धा झाला होता. तो तसाच राहिला.