प्रेशर ब्लीडर

मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये शिरलेली हवा आणि जुने झालेले ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचे, हवेच्या दाबावर चालणारे साधन. गॅरेजमध्ये या कामाला ‘एअर काढणे’ किंवा ‘ब्लीडिंग’ म्हणतात. रूढ पद्धतीत एक जण सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी बसून निपल (ब्रेकमधले ऑइल बाहेर सोडणारा छोटा पोकळ स्क्रू) उघडतो-बंद करतो, आणि ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ अशा हाकांवर काम चालते. प्रेशर ब्लीडर असला की पेडलला हात-पाय लावावा लागत नाही आणि एकटा माणूस चारही चाके उरकू शकतो.

चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली उत्पादित मोटार म्हणजे अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची 1921 ची ‘मॉडेल ए’. तेव्हापासून आजपर्यंत या ब्रेकचे तत्त्व तेच आहे. पेडलवरचा जोर मास्टर सिलिंडरमधल्या (पेडलने ढकलला जाणारा मुख्य पंप) द्रवामार्फत नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव जवळजवळ आकुंचन पावत नाही म्हणूनच हे साधते. हवा मात्र सहज दबते. नळीत बुडबुडा असला की पायाचा बराचसा जोर तो दाबण्यातच जातो. पेडल मऊ लागते, खोल जाते, आणि दोन-तीनदा पंपिंग केल्यावर कुठे ब्रेक धरतो. कॅलिपर (चाकाची डिस्क चिमटणारा भाग), होज पाइप किंवा मास्टर सिलिंडर बदलताना सर्किट, म्हणजे ऑइलचा बंद मार्ग, उघडले, किंवा मास्टर सिलिंडरवरच्या टाकीतले ऑइल तळाला गेले, की हवा आत शिरते.

ब्लीडिंग करण्याचे दुसरे कारण पाण्याचे. सर्वसाधारण वापरातली डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 या दर्जांची ऑइले हवेतला ओलावा शोषतात. ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, असे पाणी मुरलेले ऑइल कॅलिपरमध्ये उकळते, वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जाते. म्हणून ब्रेक चांगले लागत असले तरी बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. हा खर्च पुढे ढकलण्यासारखा मुळीच नाही.

प्रेशर ब्लीडरची रचना शेतातल्या फवारणी पंपासारखी असते: हातपंप बसवलेली प्लास्टिकची टाकी, दाब दाखवणारे गेज, एक नळी आणि नळीच्या टोकाला ऑइल टाकीवर बसणारे झाकण. हौशी लोक खरोखरच फवारणी पंपापासून तो घरी बनवतात. पंप त्यासाठी कोरा हवा. औषधाचा अंश राहिलेला पंप ब्रेकच्या रबरी सीलजवळही नेऊ नये. कारखानी दर्जाच्या टाक्यांत हवा आणि ऑइल यांच्यामध्ये रबराचा पडदा असतो, त्यामुळे दाबाखालची हवा ऑइलला लागत नाही. हातपंपाच्या साध्या टाकीत हा पडदा नसतो. म्हणून त्यात नुकत्याच उघडलेल्या डब्यातले ऑइल घालावे आणि उरलेले दिवसेंदिवस ठेवू नये.

सगळ्यात जास्त त्रास झाकण देते. बऱ्याच युरोपीय गाड्यांना 45 मिलिमीटरचे आटे असलेले झाकण चालते. इतर अनेक गाड्यांसाठी वेगळ्या मापाचे झाकण किंवा साखळीने आवळायची रबरी पट्टी लागते, आणि ती नीट बसली नाही तर ऑइल बॉनेटखाली उडते. ग्लायकॉलवर आधारलेले हे ऑइल रंग खाते. सांडल्याबरोबर भरपूर पाण्याने धुवावे. हे टाळण्यासाठी आधी ब्लीडरमध्ये ऑइल न भरता नुसत्या हवेने दाब द्यावा, गेजचा काटा जागेवर राहतो का ते पाहावे आणि मगच ऑइल भरावे.

दाब फार लागत नाही. पेडलने होणारा दाब कित्येक पट जास्त असतो, पण इथे ब्रेक लावायचा नसून उघड्या निपलमधून ऑइल वाहते ठेवायचे असते. त्यासाठी 10 ते 15 पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचे एकक), म्हणजे सुमारे एक बार, बहुतेक गाड्यांना पुरतो. जास्त दाबाने गाडीची प्लास्टिकची ऑइल टाकी फुटू शकते किंवा तिचे ग्रोमेट, म्हणजे जोडावरची रबरी कडी, निसटू शकते. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवतात. रिंग पान्याने निपल थोडा सैल केला की काळपट ऑइल, मागोमाग बुडबुडे आणि शेवटी स्वच्छ ऑइल येते. मग निपल बंद करतात.

सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. भारतातल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हा क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा येतो. सर्किट तिरपे विभागलेले (पुढचे एक चाक आणि मागचे समोरच्या बाजूचे चाक एका मार्गावर) असल्यास क्रम बदलतो, त्यामुळे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा शब्द अंतिम.

या पद्धतीचा खरा गुण वेगात नाही. दाब सतत एकाच दिशेने असतो, त्यामुळे पेडल सोडताना निपलमधून हवा परत आत ओढली जाण्याचा धोका उरत नाही. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबले की मास्टर सिलिंडरचे सील एरवी न पोहोचणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासते आणि फाटू शकते. तेही इथे टळते. निपलला व्हॅक्यूम लावून ऑइल ओढण्याच्या पद्धतीत निपलच्या आट्यांतून हवा शिरते आणि नळीतले बुडबुडे संपतच नाहीत. ती अडचणही इथे नाही.

ब्लीडरने सगळे सुटते असे नाही. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला स्कॅनरने त्यातला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. मागच्या ॲक्सलला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर चाके लोंबकळत ठेवल्यावर मागे ऑइल नीट जात नाही. कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले असतील तर निपल खालच्या बाजूला येतो आणि वर अडकलेली हवा कितीही ऑइल सोडले तरी निघत नाही.

काम झाल्यावर आधी ब्लीडरचा दाब सोडून मगच झाकण काढतात. ऑइलची पातळी कमाल खुणेपर्यंत आणतात, निपलवर रबरी टोपी चढवतात आणि इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरतात. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.