वस्ती नेतृत्व प्रशिक्षण (नागपूर)

वस्ती, मोहल्ला किंवा ले-आऊटमध्ये राहणाऱ्या माणसांनाच आपल्या भागाचे प्रश्न नेमके मांडायला, शेजाऱ्यांना एकत्र बसवून निर्णय घ्यायला आणि कचेऱ्यांशी लेखी पाठपुरावा करायला शिकवणे म्हणजे वस्ती नेतृत्व प्रशिक्षण. हा भाषणकलेचा वर्ग नव्हे. ‘पुढारी’ हा शब्द वस्तीत कौतुकाने क्वचितच उच्चारला जातो. ज्याच्यावर भरवसा आहे त्याला लोक ‘कार्यकर्ता’ म्हणतात. एका माणसाला मोठे करण्यापेक्षा त्याच्यामागे दुसरी फळी उभी करणे हे या प्रशिक्षणाचे खरे काम, आणि बहुतेक वर्ग नेमके तिथेच फसतात.

पार्श्वभूमी

नागपूरच्या वस्त्यांना संघटनेचे शिक्षण सरकारी योजनांच्या आधीपासून मिळत आले आहे. १८ ते २० जुलै १९४२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिला जोडून २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. सभेची सूचना मांडणे, अनुमोदन देणे, ठराव वाचून दाखवणे ही रीत त्या पिढीने अशा परिषदांतून उचलली आणि बुद्धविहारांच्या पंचकमिट्यांतून ती पुढे चालू राहिली. आजही उत्तर नागपुरातल्या एखाद्या विहारात साध्या वर्गणीच्या बैठकीलाही ‘सूचक कोण, अनुमोदक कोण’ असे विचारले जाते.

सरकारी बाजूने शहरी वस्त्यांत १ डिसेंबर १९९७ पासून स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेने शेजारगट आणि त्यांच्या स्वयंसेविका तयार केल्या. २०१३ नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. त्यात साधारण १० ते २० महिलांचा एक बचत गट आणि अशा गटांचा मिळून वस्तीस्तर संघ अशी रचना होती. वेगळ्या वाटेचे उदाहरण फुटबॉलचे आहे. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यात खेळलेली मुले पुढे प्रशिक्षक होऊन लहानांना खेळवू लागली, म्हणजे नेतृत्वाचा धडा मैदानावरच मिळाला.

निवड

वर्गाचे यश निम्मे निवडीवर ठरते. समाजमंदिरात सभा बोलावून ‘कोण येणार?’ असे विचारले की ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे तेच हात वर करतात. त्याऐवजी ३० ते ४० घरांत जाऊन तीन प्रश्न विचारावेत : रात्री कोणाला मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) न्यायचे झाले तर तुम्ही कोणाचे दार वाजवता? रेशनचा फॉर्म कोणाकडून भरून घेता? नळावर भांडण झाले तर मध्ये कोण पडते? वेगवेगळ्या गल्ल्यांतून जी नावे पुन्हा पुन्हा येतात ती यादीत घ्यावीत. अशा यादीत बहुधा अंगणवाडी मदतनीस, शिवणकाम करणारी बाई, ऑटोचालक, दहावी-बारावी झालेली मुलगी असते. पानठेल्यावर राजकारण बोलणारा क्वचितच सापडतो.

एका तुकडीत २० ते २५ जण पुरेत. त्यांत निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि प्रत्येक गल्लीतून किमान दोघे असावेत. एकटा आलेला माणूस घरच्या कुरबुरीला कंटाळून तिसऱ्या आठवड्यात गळतो. जागेचाही विचार लागतो. वर्ग कायम एकाच विहारात किंवा एकाच मंदिरात भरला की उरलेली वस्ती तो ‘त्यांचा’ समजते; अंगणवाडी किंवा मनपा शाळेची खोली बरी. पूर्व नागपुरात हलबा कोष्टी आणि छत्तीसगडी कुटुंबे शेजारी राहतात. तिथे शिकवणाऱ्याने मराठी-हिंदी मिसळून बोलावे, शुद्धतेचा हट्ट धरू नये.

वेळापत्रक

दर आठवड्याला दोन तासांचे एक सत्र, अशी १२ सत्रे आणि प्रत्येक सत्रानंतर वस्तीत करायचे एक काम, ही रचना टिकते. सलग तीन दिवसांचे निवासी शिबिर आटोपशीर दिसते, फोटोही चांगले येतात. पण शिकलेले दुसऱ्या दिवशी वापरायला न मिळाल्याने ते विरते. घरकाम करणाऱ्या बायांना दुपारी दोन ते चार मोकळीक असते, तर ठिय्यावर (रोजंदारीचे काम मिळते त्या नाक्यावर) जाणाऱ्या मजुरांना सायंकाळी सातनंतर. दोन्ही एका वेळेत कोंबू नये. दोन तुकड्या कराव्यात आणि दर चौथे सत्र एकत्र घ्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे टिनाच्या छताखाली दुपारचा वर्ग घेऊ नये.

नकाशा आणि जमिनीची ओळख

पहिली दोन सत्रे वस्तीफेरीची. चौकात चुन्याने किंवा रांगोळीने गल्ल्या आखतात आणि त्यावर नळ, गटारीचे चेंबर, विजेचे खांब (क्रमांकासह), बंद हातपंप, कचरा साचणारी जागा खडे-पाने ठेवून दाखवतात. नकाशा बाया आखतात तेव्हा संडासाचा अंधारा रस्ता आधी येतो. पुरुष आखतात तेव्हा तो बहुधा राहूनच जातो. मग सारे ड्रॉइंग शीटवर उतरवून घेतात.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो : वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे? महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, नझूल (शासनाची जमीन), रेल्वे की खासगी, यावर पट्ट्याचा (जागेच्या हक्काच्या कागदाचा) अर्ज कुठे जाईल हे ठरते. झोपडपट्टी म्हणून घोषित झालेल्या जागेला १९७१ चा महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा लागतो. अनधिकृत ले-आऊटला २००१ चा गुंठेवारी कायदा लागतो. ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आऊट (नियमित करायला घेतलेल्या ले-आऊटच्या संख्येवरून पडलेली नावे) हे शब्द याच संदर्भात ऐकू येतात. चुकीच्या कचेरीत टाकलेला अर्ज महिनोन्‌महिने तसाच पडून राहू शकतो.

अर्ज आणि पाठपुरावा

याला तीन सत्रे द्यावीत, कारण प्रत्यक्ष फरक इथेच पडतो. नवखा माणूस लिहितो : ‘आमच्या वस्तीत गडर लाइनची फार समस्या आहे, तरी साहेबांनी लक्ष द्यावे ही विनंती.’ यावर कारवाई होत नाही, कारण करायचे काय हेच त्यात नाही. सुधारलेला अर्ज असा : ‘गल्ली क्र. ४ मधील, अंगणवाडीसमोरचे चेंबर ३ जूनपासून तुंबले आहे. घाण पाणी १८ घरांसमोर साचते. चेंबर साफ करून फुटलेले झाकण बदलावे.’ सोबत नकाशाची प्रत, १८ घरांच्या सह्या आणि तारीख. अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व सही घ्यावी. ‘साहेबांना तोंडी सांगितले’ याला पुरावा नसतो, हे बिंबवण्यासाठी एका प्रशिक्षणार्थ्याला बाबूच्या खुर्चीत बसवून ‘ठेवून जा, बघतो’ असे म्हणायला लावतात. समोरच्याने शिक्का घेतल्याशिवाय उठायचे नाही.

महानगरपालिकेचे शहरात दहा झोन (विभाग) आहेत आणि नेहमीच्या तक्रारी झोन कार्यालयातच सुटतात. थेट सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात जाण्याने वेळ वाचत नाही. सात-आठ दिवसांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र, त्यात आधीचा आवक क्रमांक. त्यानंतर माहिती अधिकार कायदा, २००५. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा. उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपये. माहितीचा अर्ज भलत्याच कचेरीत गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याचे बंधन याच कायद्यात आहे, म्हणून जमिनीबाबत शंका असेल तेव्हा तो विशेष कामाचा. ‘काम का केले नाही?’ असे विचारू नये, ‘अर्ज क्र. अमुकवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असे मागावे.

नगरसेवकांशी व्यवहार हा वेगळा धडा. २०१७ पासून प्रभाग चार सदस्यांचा झाला (३८ प्रभाग, त्यांपैकी एक तीन सदस्यांचा, एकूण १५१ नगरसेवक). त्यामुळे एकाकडे गेल्यावर तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. निवेदन चौघांच्याही नावे एकाच कागदावर द्यावे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा नगरसेवकाच्या चिठ्ठीवर चालणाऱ्या वस्त्यांची पंचाईत झाली. झोनचा रस्ता ज्यांना ठाऊक होता त्यांचे फारसे अडले नाही.

बैठक आणि पैसा

बैठकीत तिघांना कामे वाटून द्यावीत : एक चालवतो, एक लिहितो, एक घड्याळ बघतो आणि कोण बोललेच नाही याची नोंद ठेवतो. विषय तीनच, वेळ ४० मिनिटे. बोलघेवड्यांसाठी चिंचोक्यांचा प्रयोग चांगला लागू पडतो : प्रत्येकाला पाच चिंचोके, बोलले की एक मध्ये टाकायचा, संपले की ऐकायचे. शेवटी कोणाच्या मुठीत पाचही उरले ते उघड होते. बहुधा त्या मुठी नव्या सुनांच्या असतात. इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक, काम कोण करणार आणि कधीपर्यंत एवढे असावे आणि सह्यांपूर्वी ते मोठ्याने वाचावे.

वर्गणी दर घरामागे २० रुपये असली तरी पावतीपुस्तक हवेच. बँक खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या, हातात ५०० रुपयांहून जास्त रोख नाही आणि महिन्याचा जमाखर्च चौकातल्या फळ्यावर. वस्तीची कमिटी फुटते तेव्हा कारण मतभेद सांगितले जाते. खोलात गेले की बहुतेक वेळा न लिहिलेला हिशेब निघतो.

मोर्चा आणि निवेदन

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते आणि राज्यभरचे मोर्चे शहरात येतात. स्थानिक कार्यकर्त्यांना ही शाळा फुकट मिळते. प्रशिक्षणात पोलिस परवानगी, मार्ग, पाणी आणि मुख्यतः शिष्टमंडळ यांची तयारी करून घ्यावी : पाच जण, एक निवेदन, तीन मागण्या. मंत्री भेटले तर चार-पाच मिनिटे मिळतात, म्हणून पहिल्या वाक्यात मागणी आणि शेवटच्या वाक्यात ‘याची लेखी पोच द्यावी’.

काय बिघडते

तयार झालेला कार्यकर्ता कंत्राटदाराचा किंवा पक्षाचा माणूस होणे हा सर्वांत नेहमीचा बिघाड. कामाची देखरेख आणि कामाचे कंत्राट एकाच घरात जाणार नाही असा ठराव पहिल्याच महिन्यात करून घ्यावा. नंतर तो कोणाच्या तरी विरुद्ध वाटतो. दुसरा बिघाड भत्त्याचा. बुडालेल्या मजुरीची भरपाई योग्य, पण हजेरीसाठी पैसे सुरू केले की ते थांबताच वर्ग थांबतो. तिसरा : महिला सत्रे करतात आणि कमिटीच्या कागदावर सह्या नवऱ्यांच्या असतात.

गावाशी तुलना केल्यास शहराची अडचण कळते. हिंगणा-कामठी भागातल्या ग्रामपंचायतीत ग्रामसभा हे तयार व्यासपीठ आहे. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी तेवढे जमले की गणपूर्ती होते. वस्तीला अशी रोजच्या वापरातली सभा नाही, ती प्रशिक्षणार्थ्यांनाच दर महिन्याला भरवावी लागते.

परिणाम तपासणे

प्रमाणपत्रे मोजून काही कळत नाही. सहा महिन्यांनी आवक शिक्क्याचे किती अर्ज फाइलमध्ये आहेत, त्यांतले किती निकाली निघाले आणि मुख्य कार्यकर्ता गावी गेलेला असताना बैठक झाली का, हे पाहावे. त्यानंतर इतिवृत्ताची वही उघडावी. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अक्षर एकाचेच असेल तर पुढच्या सत्रांत आधी लेखणी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते.