थकवा, लोह आणि पाळीचा हिशेब

जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारनंतर कशातच लक्ष लागत नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 12.1. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ॲनिमियाची रेषा 12 ग्रॅमवर आखलेली आहे, त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ ठरतो आणि बाई तो थकवा अंगावर काढत राहते. मला वाटतं, अशा वेळी दोन गोष्टी विचारल्याशिवाय विषय मिटवूच नये: फेरिटिन किती आहे, आणि पाळीत अंगावरून किती जातं?

फेरिटिन हे लोह साठवून ठेवणारं प्रथिन. लोह कमी पडू लागलं की आधी ही गंगाजळी आटते, हिमोग्लोबिन घसरतं ते त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढ व्यक्तीत फेरिटिन लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती लोहाची कमतरता. पुष्कळ डॉक्टर 30च्या खाली आलं की सावध होतात. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर मात्र हा आकडा फसवा असतो, साठा नसतानाही वाढलेला दिसतो. बर्फ, खडू, माती खावीशी वाटणं किंवा रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं, यामागेही बऱ्याचदा लोहाची कमतरता असते.

आता हिशेब पाहा. आहारातून दिवसाला साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम लोह शरीरात शोषलं जातं. रक्ताच्या दर मिलिलिटरबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. नेहमीच्या पाळीत 30-40 मिलिलिटर रक्त जातं, तेवढं भरून निघतं. ते 80च्या पुढे गेलं की दर महिन्याला 40 मिलिग्रॅमहून जास्त लोह गमावलं जातं, आणि मग चांगलं खाऊनपिऊनही तूट वाढत जाते. अशा बाईला नुसतं ‘पालेभाज्या खा’ सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

घरी कोणी मिलिलिटर मोजत बसत नाही. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, त्यासाठी रात्री उठावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, पाळी 7 दिवसांपेक्षा जास्त चालणं, डागांच्या धास्तीने बाहेर जायचं टाळणं, यातलं एखादं लक्षण असलं तरी डॉक्टरांशी बोलायला ते पुरेसं आहे. कारणं अनेक असतात: गर्भाशयातले फायब्रॉइड किंवा पॉलिप (आत वाढणाऱ्या, बहुधा साध्या गाठी), थायरॉइडचा बिघाड, बीजांड वेळेवर न सुटणं, गर्भनिरोधक तांबी (कॉपर-टी). पहिल्या पाळीपासूनच खूप रक्तस्राव होत असेल तर रक्त गोठण्यातला आनुवंशिक दोषही तपासावा लागतो. आणि पाळी कायमची गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी तपासणी लांबवू नये. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती खूण असू शकते.

गर्भाशय काढून टाकणं हा पहिला उपाय नाही. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या असतात. गोठलेलं रक्त विरघळण्याची क्रिया त्या रोखतात. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी 1962 मध्ये हे औषध शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका दगावतात, ते थांबावं ही उताको यांची तळमळ होती. ज्यांच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली आहे त्यांनी मात्र ते घेऊ नये. दुसरा फार गुणकारी उपाय म्हणजे गर्भाशयात बसवायचं हार्मोनयुक्त साधन; त्याने आतलं अस्तर पातळ राहतं आणि रक्तस्राव खूप कमी होतो.

लोहाच्या गोळ्यांबद्दलही समज बदलली आहे. गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि साधारण दिवसभर ते आतड्यातलं लोहाचं शोषण रोखून धरतं. त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह अधिक प्रमाणात शोषलं जातं, असं झुरिचमधल्या अभ्यासांत दिसलं. पोटाचा त्रासही अनेकींना कमी होतो. आपल्याला कोणतं वेळापत्रक योग्य, हे डॉक्टरांना विचारावं. चहा, कॉफी आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीच्या आसपास नको. शौच काळी होते, त्याने घाबरू नये. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साधारण 3 महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण साठा भरायला वेळ लागतो. गोळ्या सोसतच नसतील तर शिरेतून लोह देता येतं.